वसंत, श्वान आणि गणपूर्ती

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे दोन महिने वसंत ऋतूचे मानले जातात आणि आंब्याचा मोहर, कोकिळेचे कूजन व सुखद वारा ही त्याची लक्षणे म्हणून सांगितली जातात. पुण्यातील कोथरूड, कर्वेनगर किंवा सहकारनगर यांसारख्या भागांतल्या सहकारी गृहरचना संस्थांमध्ये, म्हणजे बोलीभाषेत ज्यांना सरसकट ‘सोसायटी’ म्हटले जाते त्या वसाहतींमध्ये, यांपैकी पहिली दोन लक्षणे आढळत असली तरी वसंताचे आगमन त्यांवरून ओळखले जात नाही; ते जिन्याखालच्या सूचनाफलकावरून ओळखले जाते. एरवी पाण्याची टाकी धुण्याची तारीख आणि कोणाच्या तरी सापडलेल्या किल्ल्या यांखेरीज ज्या फलकावर काही नसते, तो मार्चच्या मध्यापासून भरू लागतो आणि पाडव्यापर्यंत त्यावर पाणी, बाग व कुत्रा या तीन विषयांवरील सूचना एकीवर एक टाचल्या जातात. कुत्र्यामुळे बाग बिघडते, बागेमुळे माणसे भांडतात आणि भांडणामुळे कारभार ठप्प होतो, असा सर्वसाधारण समज आहे. निरीक्षणान्ती मात्र असे दिसते की, बाग आणि कुत्रा हे दोन उपद्रव नसते तर कारभार ठप्प होण्यासाठी मुळात सुरूच झाला नसता.

या विधानाचा अर्थ लक्षात येण्यासाठी संस्थेची घटना थोडक्यात पाहिली पाहिजे. गृहरचना संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याखाली नोंदलेल्या असतात आणि त्यांचा दैनंदिन कारभार पाच वर्षांसाठी निवडलेली व्यवस्थापक समिती पाहते. सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क २०११ च्या ९७व्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये नावानिशी समाविष्ट झाला; तथापि संस्थेचा सचिव होण्याचा हक्क कोणी आग्रहाने बजावल्याचे क्वचितच ऐकिवात येते. निवडणूक बहुधा बिनविरोध होते, म्हणजे जितक्या जागा तितकेच अर्ज येतात, आणि तेवढे अर्जही मावळत्या समितीला घरोघर हिंडून, ‘नुसती सही करा, काम काही नसतं’ अशी ग्वाही देऊन मिळवावे लागतात. समिती एकदा स्थापन झाली की उरलेल्या सभासदांना सर्वांत प्रिय असलेला अधिकार, म्हणजे समिती काहीच करत नाही असे म्हणण्याचा अधिकार, आपोआप प्राप्त होतो.

संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि निसर्गाचा वसंत व हिशेबाचा शेवट एकाच पंधरवड्यात येतात, या योगायोगाचे परिणाम दूरगामी असतात. सरकारी आणि निमसरकारी व्यवहारात ‘मार्चअखेर’ ही एक स्वतंत्र ऋतुसंज्ञाच आहे. या काळात तरतूद केलेला पण न खर्चलेला निधी संपवण्यासाठी महापालिका चांगले पदपथ उखडून तेथे तितकेच चांगले पेव्हिंग ब्लॉक बसवते. सोसायटीची समिती आकाराने लहान असली तरी वृत्तीने महापालिकेहून वेगळी नसल्याने तिलाही मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ‘बाग’ या शीर्षाखाली काही हजार रुपये पडून असल्याचे आठवते आणि मग उरुळी कांचनच्या रोपवाटिकांतून गुलाबाची रोपे, लॉनचे गालिचे आणि सिरॅमिकच्या कुंड्या मागवल्या जातात. वनस्पतीच्या दृष्टीने ही लागवडीची वेळ सर्वांत वाईट असते, कारण पुढे अडीच महिने पारा चढत जाणार आणि पाण्याची टंचाई वाढत जाणार हे निश्चित असते. हिशेबतपासनिसाच्या दृष्टीने मात्र याहून योग्य मुहूर्त नसतो.

बाग म्हणजे नेमके काय, याविषयी सभासदांमध्ये एकवाक्यता नसते. विकास नियंत्रण नियमांनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. बांधकाम व्यावसायिकाच्या माहितीपुस्तिकेत तिला ‘लँडस्केप गार्डन’ म्हटलेले असते, प्रत्यक्षात तेथे चार शोभेची पामची झाडे, घसरगुंडी आणि जनित्र असते. लहान सोसायट्यांत तर इमारत आणि कुंपण यांच्यामधला जो पट्टा गाड्यांना अपुरा पडतो, तोच बाग म्हणून घोषित होतो. या जागेसंबंधी तीन पक्ष संभवतात. पहिला शोभावादी पक्ष, ज्याला हिरवेगार लॉन आणि ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी हवी असते. दुसरा उपयुक्ततावादी, जो कढीपत्ता, गवती चहा, लिंबू आणि अळू यांचा पुरस्कार करतो. आणि तिसरा वाहनतळवादी, जो बागेवर निरतिशय प्रेम असल्याचे सांगून तिची रुंदी फूटभर कमी केल्यास आणखी किती दुचाकी मावतील याचे मोजमाप खिशात बाळगून असतो. या तिन्ही पक्षांच्या बाहेर राहून बागेचा प्रत्यक्ष उपभोग घेणारा चौथा वर्ग म्हणजे पहाटे पिशवी घेऊन निघणारी ज्येष्ठ मंडळी; जास्वंद आणि तगर उजाडण्यापूर्वी छत्रीच्या मुठीने खाली ओढून तोडले जातात, आणि फूल देवासाठी असल्याने या कृतीला चोरी म्हणण्याची प्राज्ञा कोणाची होत नाही.

आवारात आंब्याचे झाड असल्यास प्रश्न अधिक गहन होतो. झाड लावणारा मूळ जागामालक कधीच निघून गेलेला असतो, फांद्या दोन सदनिकांच्या सज्जांत शिरलेल्या असतात आणि एप्रिलमध्ये, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी डाळ आणि पन्हे करण्याच्या सुमारास, कैऱ्यांच्या वाटपाचा विषय निघतो. संस्थेच्या आदर्श उपविधींमध्ये खर्च वाटून घेण्याच्या रीती सविस्तर सांगितल्या आहेत: सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान, सिंकिंग फंड म्हणजे इमारतीच्या भावी पुनर्बांधणीसाठीची शिल्लक बांधकामखर्चाच्या प्रमाणात, आणि पाणीपट्टी प्रत्येक घरातील नळजोडांच्या संख्येवर व आकारावर. कैऱ्यांविषयी उपविधी मौन पाळतात. साहजिकच लहान घरांचे सभासद समान वाटपाचा आग्रह धरतात, मोठ्या घरांचे क्षेत्रफळाचा दाखला देतात, आणि ज्यांच्याकडे तीन न्हाणीघरे आहेत ते झाड संस्थेच्या पाण्यावर वाढले असल्याने नळांचे सूत्रच लागू होते असे प्रतिपादन करतात. वाद चालू असताना राखणदाराचा मुलगा आणि वावटळ हे दोघे मिळून वाटपाचे काम बव्हंशी उरकतात.

बागेच्या या राजकारणात माळी हा नावापुरता पगारी नोकर असतो. वस्तुतः तो एकमेव तज्ज्ञ असल्याने त्याची सत्ता निरंकुश असते. एका सकाळी चार-पाच सोसायट्या करणारा हा गृहस्थ पाण्याचा पाइप एका वाफ्यात सोडून शेजारच्या सोसायटीत जातो, परत येईपर्यंत त्या वाफ्याचे तळे झालेले असते आणि पलीकडचा वाफा कोरडा ठणठणीत राहतो. शोभावाद्यांनी सुचवलेली परदेशी रोपे, उपयुक्ततावाद्यांनी दिलेल्या कढीपत्त्याच्या बिया आणि वाहनतळवाद्यांची कुंपण मागे घेण्याची सूचना या सर्वांना तो एकच उत्तर देतो: ‘आत्ता उन्हाचं नको, पावसाळ्यात बघू.’ समितीच्या सर्व ठरावांची छाननी केल्यास कृषिशास्त्राच्या कसोटीवर टिकणारे असे हे बहुधा एकमेव विधान ठरेल, परंतु ते ठराव नसल्यामुळे इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या अधिकृत नोंदवहीत, त्याला स्थान मिळत नाही.

आता कुत्र्याकडे वळावयास हरकत नाही. पुण्याच्या दोन खोल्यांच्या घरांत अलीकडे विशेष लोकप्रिय झालेली बीगल ही जात इंग्लंडमध्ये टोळीने धावून, वासावरून सशांचा माग काढण्यासाठी जोपासली गेली. मैलोगणती पळावे, सतत हुंगावे आणि काही सापडल्यास लांब गळा काढून सर्वांना कळवावे, हे तिचे वंशपरंपरागत कर्तव्य होय. या गुणांसह तिला दुसऱ्या मजल्यावरील साडेसहाशे चौरस फुटांत ठेवले असता जे घडते, त्यास शेजारी ‘शिस्त नाही’ असे म्हणतात. अशा कुत्र्याच्या घरात आजीपासून नातवापर्यंत सर्व जण आपसांत मराठी बोलतात, कुत्र्याशी मात्र ‘सिट’, ‘नो’, ‘कम हिअर’ असा आंग्ल व्यवहार चालतो, आणि रागाच्या भरात आजी ‘मेल्या, इकडे ये’ असे म्हणतात तेवढाच काय तो अपवाद. दोन्ही भाषांतील आज्ञा कुत्र्याला सारख्याच कळत असाव्यात, कारण तो दोन्ही सारख्याच निर्विकारपणे धुडकावतो.

वसंतात कुत्र्याचे वर्तन बिघडते असे मानले जाते, त्यास शास्त्रीय कारण आहे. कुत्र्याला माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांखेरीज त्याच्याकडे घामाची सोय जवळजवळ नसते, त्यामुळे तो धापा टाकून आणि थंड जागा शोधून शरीराचे तापमान राखतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी सोसायटीच्या आवारातील सर्वांत थंड जागा कोणती, याचा शोध समितीने लावलेला नसला तरी कुत्र्याने लावलेला असतो: ती म्हणजे नुकतेच पाणी घातलेले, नव्याने भुसभुशीत केलेले फुलझाडांचे आळे. बागेवर जितका अधिक खर्च, तितकी ती कुत्र्याच्या दृष्टीने अधिक आकर्षक, हे समीकरण अंदाजपत्रक मंजूर करताना कोणी विचारात घेत नाही.

या समीकरणाचे एक ठसठशीत उदाहरण गुलाबाच्या वाफ्यात पाहावयास मिळते. मुळांची वाढ चांगली व्हावी म्हणून गुलाबाला स्फुरद पुरवणारे ‘बोनमील’, म्हणजे हाडांची भुकटी, घालण्याची पद्धत आहे. समिती ते आणवते, माळी सकाळी ते आळ्यांत मिसळतो, आणि दुपारी बीगल, सशांच्या अनुपस्थितीत हाती लागलेले हे एकमेव संशोधनकार्य मनापासून हाती घेऊन, सहापैकी चार गुलाब मुळासकट बाहेर काढतो. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर खड्ड्याचे छायाचित्र येते. प्रमाण कळावे म्हणून खड्ड्याशेजारी एक चप्पल ठेवलेली असते. पहिली अर्धी प्रतिक्रियामाला कुत्र्याविषयी असते, मग कोणी तरी चप्पल कोणाची असे विचारतो, आणि त्यानंतर पिशवीवरील मजकूर वाचून एक सभासद असा प्रश्न उपस्थित करतात की, जे गुलाब सोवळ्यात देवाला वाहिले जातात त्यांना हाडांचे खत कोणाच्या परवानगीने घातले गेले. अशा रीतीने एकाच पिशवीतून प्राणिविषयक, आर्थिक आणि धार्मिक असे तीन वाद उत्पन्न होतात आणि एरवी एकमेकांस ओळखही न देणारी इमारतीची दोन पाखी मध्यरात्रीपर्यंत परस्परांशी बोलत राहतात.

या ठिकाणी राजकीय तक्रारीचे एक तत्त्व नोंदवण्यासारखे आहे. त्याच आवारात पहाटे चारपासून कोकीळ ओरडत असतो, आणि ओरडणारा हा नर असून त्याची मादी आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालून पालकत्वाच्या जबाबदारीतून मोकळी झालेली असते. तथापि त्याच्या आवाजाविरुद्ध लेखी तक्रार कोणी केल्याचे आढळत नाही. कारण उघड आहे: कोकिळाला सदनिका क्रमांक नसतो. ज्या उपद्रवामागे थकबाकीदार होऊ शकेल असा सभासद उभा नाही, तो उपद्रव निसर्गात जमा होतो आणि ज्यामागे तो आहे, तो विषयपत्रिकेवर येतो. फाटकाबाहेरच्या कुत्र्यांची गोष्ट याच्या मधली आहे. निर्बीजीकरण झाल्याची खूण म्हणून कानाचा शेंडा कापलेली ही मंडळी कोणाच्याही नावावर नसली तरी, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांना खाऊ घालण्यासाठी योग्य जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संस्थांवर येते. ती जागा खेळाच्या मैदानापासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर असावी एवढे नियम सांगतात. ती प्रत्येक सभासदाच्या स्वतःच्या खिडकीपासूनही दूर असावी, ही अट सभासद स्वतःहून घालतात. सर्व अटी एकत्र केल्या असता बहुधा एकच जागा उरते, ती म्हणजे मिळकतकरात पाच टक्के सवलत मिळावी म्हणून उभारलेला आणि सवलत मिळाल्यावर गांडुळांसह विस्मृतीत गेलेला गांडूळखत प्रकल्प.

गुलाबप्रकरण व्हॉट्सॲपवर मिटत नाही, तेव्हा विशेष सर्वसाधारण सभेची सूचना निघते. सर्वसाधारण सभा म्हणजे सर्व सभासदांची सभा. विशेष सभेला पूर्ण पाच दिवसांची पूर्वसूचना लागते. तिची गणपूर्ती, म्हणजे सभा कायदेशीर ठरण्यासाठी आवश्यक असलेली किमान उपस्थिती, एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा वीस यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते. अर्ध्या तासात तेवढी माणसे न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. या तरतुदीचा लाभ घेऊन वार्षिक सभा वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने चालतात: सात वाजता पाच जण जमतात, साडेसातपर्यंत पावसाविषयी बोलतात, सभा तहकूब करतात, त्याच खुर्च्यांवर ती पुन्हा भरवतात आणि लाखो रुपयांचा ताळेबंद बटाटेवडा गार होण्यापूर्वी मंजूर करतात. कुत्र्यावरील सभेचे चित्र याच्या अगदी उलट असते. पावणेसातलाच वाहनतळातील प्लॅस्टिकच्या खुर्च्या संपतात, मतदानाचा अधिकार नसलेले भाडेकरूही मागे उभे राहतात, परगावी राहणारे सभासद मुलाला पत्र देऊन पाठवतात आणि सचिवांना हजेरीपटाला पुरवणी जोडावी लागते.

सभेत कुत्र्यावर संपूर्ण बंदी घालण्याचा ठराव मांडला जातो आणि टाळ्याही पडतात. मग सचिव चष्मा लावून भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे वाचून दाखवतात, ज्यांनुसार पाळीव कुत्र्यावर बहुमतानेसुद्धा बंदी घालता येत नाही आणि भुंकणे हे त्यासाठी पुरेसे कारण मानले जात नाही. लोकशाहीत बहुमताला मर्यादा असतात हे तत्त्व नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून ज्यांच्या कधी गळी उतरले नाही, त्यांना ते या क्षणी बीगलच्या निमित्ताने उमगते. कुत्र्याच्या मालकांकडे महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला दोन्ही असतात, तर आरोप करणाऱ्यांपैकी एकांनी सज्जाला लावलेल्या काचांना परवानगी नसते, हे याच चर्चेत बाहेर येते. त्यानंतर चर्चेचा सूर उल्लेखनीय रीतीने समंजस होतो. शेवटी तिघांची उद्यान उपसमिती नेमली जाते. तीत सर्वांत मोठ्याने बोललेले तक्रारदार असतात, कुत्र्याचे मालक असतात आणि तिसरे असे एक गृहस्थ असतात, जे सभेला आलेले नसतात.

सोसायटीतील या हालचालींची वार्ता प्रभागात, म्हणजे महापालिकेच्या निवडणुकीसाठी पाडलेल्या विभागात, पोहोचण्यास वेळ लागत नाही. पुणे महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, तिची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढील मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. मधल्या जवळजवळ चार वर्षांत कारभार प्रशासकाकडे असल्याने नगरसेवक कोणीच नव्हते, मात्र ‘माजी’ आणि ‘इच्छुक’ यांची संख्या मुबलक होती. इच्छुक म्हणजे उमेदवारी मिळण्यापूर्वीच वाढदिवसाचे फ्लेक्स लावणारी व्यक्ती. वीस माणसे एका जागी आपण होऊन जमतात अशी सोसायटी ही तिच्या दृष्टीने दुर्मीळ संपत्ती असल्याने, अशी व्यक्ती एका रविवारी चार कार्यकर्त्यांसह येते, दोन्ही बाजूंचे ऐकून दोन्ही बाजूंना बरोबर ठरवते आणि बागेसाठी सिमेंटची दोन बाके देऊ करते. बाकाच्या पाठीवर ‘संकल्पना’ या शब्दाखाली तिचे नाव ठळक अक्षरांत असते, जणू बसण्याची कल्पना तोवर कोणाला सुचली नव्हती. बाके बसवल्यावर पहिली दखल बीगल घेतो आणि पाय वर करून आपली खूण ठेवतो. श्वानांच्या बाबतीत या कृतीचा हेतू आपले अस्तित्व, ओळख आणि हद्द मागून येणाऱ्यांना कळवणे हा असतो, आणि त्या दृष्टीने एकाच बाकावरील दोन्ही नोंदी एकाच जातीच्या मानण्यास प्रत्यवाय नसावा. फरक एवढाच की, दुसरीला रंगकामाचा खर्च येत नाही.

एप्रिल सरतो. लॉन पिवळे पडते, कारण टँकरचे पाणी गवताला घालण्याच्या विरोधात उपयुक्ततावादी आणि वाहनतळवादी यांची युती होते. कडुनिंबाचा खालचा भाग पाडव्याला पाने ओरबाडून आधीच उघडा झालेला असतो. त्याची सज्जात शिरलेली फांदी तोडावी अशी एका सभासदांची मागणी असते, परंतु १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतनविषयक अधिनियमामुळे त्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, आणि अर्ज कोणी लिहायचा यावर उपसमितीच्या दोन बैठका होतात. या बैठकांत एक अनपेक्षित गोष्ट घडते. तक्रारदार आणि कुत्र्याचे मालक यांना, तिसरे सदस्य कधीच येत नसल्याने, दर रविवारी एकमेकांसमवेतच बागेत उभे राहावे लागते. गुलाबांभोवती जाळी लावण्याचे ठरते, कुत्र्यासाठी कोपऱ्यातील निरुपयोगी वाफा ओला ठेवण्याचे ठरते, आणि पुढच्या निवडणुकीत समितीवर जाण्यास दोघेही तयार असल्याचे कळल्यावर विद्यमान सचिवांच्या चेहऱ्यावर पाच वर्षांत प्रथमच वसंत दिसतो.

उपसमितीचा अहवाल वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो आणि ही सभा कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयाची असते. तोपर्यंत पावसाळ्याचे चार महिने होत आलेले असतात; लॉन, तण आणि कढीपत्ता यांत फरक करणे अवघड व्हावे इतके सर्व काही हिरवे झालेले असते, आणि ओल्या मातीत थंडाव्यासाठी खणण्याचे प्रयोजन न उरल्याने बीगल सज्जाखाली झोपलेला असतो. समिती ही सारी हिरवळ ‘उद्यान विकास’ या सदराखाली, गुलाब, जाळी आणि बोनमील यांच्या खर्चासह, वर्षातील ठळक कामगिरी म्हणून नोंदवते. सभेला पाच जण उपस्थित असतात; सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि नंतर अहवाल एकमताने मंजूर होतो.